पोटाची भूक आणि जिभेची भूक

मुलांनो, एक प्रश्न विचारू? जेवून उठलात, हात धुतलेत, पोट टम्म भरलंय. "आता एक घाससुद्धा नको," असं तुम्हीच आईला सांगितलंय. आणि तेवढ्यात दारावरून कुल्फीवाल्याची घंटा वाजत जाते. मग काय होतं? पोटात एकदम जागा होते की नाही? आता सांगा, भरलेल्या पोटात ही जागा आली कुठून?

आपल्या भाषेत या प्रकाराला नावं तरी किती! खा-खा, वखवख, हाव, चटक, जिभेचे चोचले. इतकी नावं आहेत म्हणजे हा पाहुणा आपल्याकडे फार जुना असला पाहिजे. आज मी या पाहुण्याबद्दलच लिहिणार आहे, कारण माझी आणि त्याची ओळख चांगली जवळची आहे.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. डी.एड. झाल्यापासून लेकरांमध्येच आहे. राहायला हिंगोलीत, शाळा खेड्यात, म्हणजे रोजचं अप-डाउन आलंच. संध्याकाळी एस.टी.तून उतरलं की स्टँडसमोर भज्यांची कढई चढलेली असते. मिरची भजी, कांदा भजी, वर तळलेली हिरवी मिरची आणि मीठ! डबा दुपारी नीट खाल्लेला असायचा, तरी पाय आपोआप गाड्याकडे वळायचे. घरी आलं की चहा, चहाबरोबर बिस्किटं, आणि रात्रीचं जेवण वेगळंच.

दोन वर्षांपूर्वी माझं वजन ७८ किलो झालं. तेवढ्यानं काही घाबरले नसते. पण माझ्या आईला मधुमेह आहे, मावशीलाही आहे. आईच्या पायाची जखम महिनोन् महिने भरत नव्हती, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं आणि म्हणाले, "साखर काठावर आहे. अजून नदीत पडला नाहीत. पण काठावर पाय घसरायला वेळ लागत नाही." पावसाळ्यात कयाधूचा काठ कसा निसरडा होतो, हे हिंगोलीकराला वेगळं सांगावं लागत नाही!

शाळेत ही गोष्ट निघाली आणि जो तो सल्ला देऊ लागला. आमचे एक सर दिवसातून दोनच वेळा जेवतात. ही पद्धत नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी सांगितली, आणि लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ती महाराष्ट्रभर पोचवली. दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मधे काही खायचं नाही आणि रोज ४५ मिनिटं चालायचं. मोठ्या माणसांपैकी अनेकांना तिचा उपयोग झाला आहे. पण एक गोष्ट इथंच सांगून ठेवते. ती १८ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. तुमची हाडं वाढायची आहेत, उंची वाढायची आहे. तुम्ही पोट मारायचं नाही! या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

माझी अडचण मात्र वेगळीच होती. काय खावं आणि काय खाऊ नये, हे मला कळत होतं. मुलांना 'संतुलित आहार' हा धडा मीच शिकवते ना! अडचण होती ती त्या दहा मिनिटांची. भज्यांचा वास आला की सगळा धडा पुसून जायचा.

नांदेडला एका प्रशिक्षणात माझ्या शेजारी एक शिक्षिका बसत असत. चहाबरोबर समोसे आले, तेव्हा त्या बोटांच्या टोकांनी स्वतःची भुवई, गाल, हनुवटी थोपटू लागल्या. मला वाटलं, बाईंचं डोकं दुखतंय. विचारलं तर म्हणाल्या, "याला टॅपिंग म्हणतात. खावंसं वाटणं कमी होतं." मग त्यांनी मला सगळं शिकवलं.

आधी स्वतःला विचारायचं, खा-खा किती आहे? शून्य ते दहामध्ये आकडा द्यायचा. मग एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या तळव्याची करंगळीखालची कड थोपटत तीनदा म्हणायचं, "मला आत्ता समोसा खावासा वाटतोय, तरी मी जशी आहे तशी मला मान्य आहे." त्यानंतर भुवईचं आतलं टोक, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखालचं हाड, नाकाखाली, हनुवटीवर, गळ्याजवळच्या हाडाखाली, काखेखाली आणि शेवटी टाळूवर, असं एकेका जागी पाच-सात वेळा हलकं थोपटायचं. थोपटताना एवढंच म्हणायचं, "हा समोसा... हा समोसा..." एक फेरी झाली की पुन्हा आकडा द्यायचा.

ही पद्धत आली अमेरिकेतून. रॉजर कॅलाहन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात तिची सुरुवात केली. चिनी वैद्यकात शरीरभर ऊर्जेच्या वाटा मानल्या आहेत, त्या वाटांवरच्या ठिकाणी थोपटलं की मनातली भीती जाते, असं त्याचं म्हणणं. पुढे १९९०च्या दशकात गॅरी क्रेग या इंजिनिअरनं ती सोपी केली.

मी घरी करून पाहिलं. पहिल्या दिवशी आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातूनच ओरडल्या, "अगं बाई, तिन्हीसांजेला कपाळ काय बडवून घ्यायलीस? काय झालं काय?" मी सांगितलं, "वजन उतरवायलेय." त्या म्हणाल्या, "कपाळ बडवून वजन उतरलं असतं, तर मी काडीसारखी झाले असते!" घरभर हसू पिकलं.

पण खरं सांगते, फरक पडायला लागला. स्टँडवर उतरताना नऊ असलेला आकडा दोन-तीन फेऱ्यांत पाच-चारवर यायचा. चारवर असताना भज्यांच्या गाड्यापुढून निघून जाणं जमतं. नऊवर जमत नाही!

आता माझं वजन ७१ किलो आहे. दीड वर्षात सात किलो उतरलं. साखरही काठापासून दोन पावलं मागं आली. हे सगळं थोपटण्यानं झालं का? नाही. रिक्षा सोडून मी घरापर्यंत चालत जाऊ लागले. रात्रीचं जेवण लवकर, ताटात ज्वारीची भाकरी आणि मोडाची उसळ. चहाबरोबरची बिस्किटं बंद. वजन उतरलं ते यानं. थोपटण्यानं फक्त ती कठीण दहा मिनिटं निघून गेली. पण वर्षानुवर्षं माझं घोडं अडत होतं ते त्या दहा मिनिटांतच.

शाळेत अशी गोष्ट लपून राहते का? एकदा मधल्या सुट्टीत माझं थोपटणं चौथीच्या पोरांनी पाहिलं. "मॅडम, तुमी तोंडाला काय करायल्यात?" मी सगळं सांगितलं. तेव्हा शेवटच्या बाकावरचा एक पोरगा, जो पाढे म्हणताना कायम खिडकीबाहेर बघतो, तो म्हणाला, "मॅडम, कपाळावरच कामून? बाकड्यावर थोपटलं तर जमंल का?"

काय प्रश्न विचारला पोरानं! मी पोरांना म्हटलं, "चला, करूनच पाहू."

दुसऱ्या दिवशी खिचडी खाऊन सगळ्यांची पोटं भरल्यावर मी प्रत्येकासमोर शेंगदाण्याच्या चिक्कीचा एक तुकडा ठेवला. शेवटी तो सगळ्यांनाच मिळणार, हे आधीच सांगून टाकलं. हाताची दहा बोटं, म्हणून खा-खा बोटांनी मोजायची. एका रांगेनं भुवया-हनुवटी थोपटली, दुसऱ्या रांगेनं बाकडं वाजवलं, तिसऱ्या रांगेला मी भिजवलेली माती दिली आणि हवं ते करा म्हटलं. पाच मिनिटांनी बोटं वर करायला लावली.

पहिल्या रांगेची बरीच बोटं मिटली होती. बाकडं वाजवणाऱ्यांचीही मिटली होती! एका पठ्ठ्याची मात्र आठाची दहा झाली. "मॅडम, वाजवता वाजवता वास लई यायलाय!" आणि मातीवाली रांग? ती बोटं वर करायलाच विसरली. कुणाचा बैल चालला होता, कुणाची चूल. चिक्की खायला त्यांना मला आठवण करावी लागली.

हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. एक वर्ग, एक दिवस, त्यावरून सिद्ध काही होत नाही. पण बाकड्याचा तो प्रश्न माझ्या मनातून जाईना, म्हणून मी वाचायला बसले. आणि काय सांगू, तोच प्रश्न कॅनडातल्या दोन संशोधकांनाही पडला होता! वेट आणि होल्डर अशी त्यांची नावं. २००३ साली त्यांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. भीती कमी होते का, हे त्यांना पाहायचं होतं. काही विद्यार्थ्यांना त्यांनी ठरलेल्या जागी थोपटायला सांगितलं, काहींना हातावर भलत्याच जागी, आणि काहींना चक्क एका बाहुलीला! बाहुलीला थोपटणाऱ्यांची भीतीही जवळजवळ तेवढीच कमी झाली. म्हणजे ऊर्जेच्या वाटा वगैरे गोष्टींना पुरावा मिळत नाही. आमच्या खिडकीबाहेर बघणाऱ्या पोराची शंका बरोबर होती.

मग ऑस्ट्रेलियात पीटा स्टेपलटन यांनी केलेल्या अभ्यासाचं काय? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वजन जास्त असलेली ९६ मोठी माणसं होती. चार आठवडे टॅपिंग केल्यावर त्यांची खाण्याची ओढ कमी झाली, आणि सहा महिन्यांनीही ती कमीच होती. हेही खरं आहे. पण तिथं तुलना झाली ती नुसती आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या लोकांशी. बाकडं वाजवणारी रांग तिथं नव्हती! म्हणून थोपटून बरं वाटतं हे खरं, पण ते त्या जागांमुळे वाटतं की आणखी कशामुळे, हे त्यातून कळत नाही.

मग कशामुळे वाटत असेल? इंग्लंडमधल्या प्लिमथच्या विद्यापीठात जॅकी आंद्रादे आणि जॉन मे या मानसशास्त्रज्ञांनी याचा विचार केला आहे. त्यांचं म्हणणं मी माझ्या भाषेत सांगते. आपल्या मनात एक छोटी पाटी असते. भज्यांचा वास आला की मन त्या पाटीवर भज्यांचं चित्र काढायला लागतं. आधी कढई, मग कुरकुरीत कड, मग जिभेवरची चव. चित्र जितकं रंगत जातं, तितकी खा-खा वाढते. पण पाटी छोटी आहे! तिच्यावर दुसरं काही काढायला घेतलं, की पहिलं पुसलं जातं. त्यांच्या अभ्यासात चॉकलेटची ओढ लागलेल्या लोकांना खेळण्यातल्या मऊ मातीचे आकार करायला दिले, तर ओढ कमी झाली. संगणकावर वरून पडणारे ठोकळे जुळवायचा खेळ तीन मिनिटं खेळल्यानंही ती कमी झाली.

हे वाचलं आणि मला एकदम पोळ्याचा दिवस आठवला. सकाळपासून घरात पुरण शिजत असतं, वासानं जीव कासावीस होतो. पण बैलांना पुरणपोळीचा घास दिल्याशिवाय घरात कुणी तोंडात काही घालत नाही. आणि तोवर आपण लेकरं काय करत असायचो? ओसरीवर बसून मातीचे बैल करायचो! शिंगं तुटली, पुन्हा लावली. वशिंड मोठं झालं, पुन्हा बारीक केलं. दिवस कधी कलला ते कळायचंही नाही. प्लिमथचा प्रयोग आपल्या आज्या किती वर्षांपासून करत आल्या आहेत, पाहा!

इथपर्यंत गोष्ट गमतीची झाली. आता जी सांगणार आहे, ती गमतीची नाही.

आमच्या सहावीत एक मुलगी आहे. अंगानं जरा भरलेली. कुणी कुणी तिला 'भोपळा' म्हणत असे. एका सकाळी परिपाठाच्या वेळी ती उभ्या-उभ्या खाली बसली. चेहरा पांढराफटक. तिला सावलीत नेलं, पाणी दिलं, हळूहळू गुळाचा खडा आणि भाकरीचा तुकडा खाऊ घातला. चार घास पोटात गेल्यावर ती बोलायला लागली. सकाळी घरी काही खाल्लं नव्हतं. शाळेतली खिचडी ती तीन-चार दिवस मैत्रिणीला देत होती. मी म्हटलं, "अगं, मग भूक नाही लागत?" ती म्हणाली, "लागती की. मग मी थोपटायले. थोपटलं की मरती भूक."

माझ्या पोटात खड्डा पडला. दहा-अकरा वर्षांची लेकरू, आणि खरीखुरी भूक थोपटून झोपवतेय!

त्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिची माय म्हणाली, "मॅडम, मह्या लेकीला सगळे जाडी म्हणतेत, म्हणून ती आरशापुढं रडती." मी तिला समजावलं, की या वयात मुली आधी आडव्या भरतात आणि मग उंच होतात. वजनाची शंका असेल तर आरोग्य केंद्रात दाखवा, तिथं उंची आणि वजन दोन्ही बघून सांगतील. पण लेकरानं आपल्या मनानं जेवण सोडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गांना एकत्र बसवलं आणि फळ्यावर दोन खाने आखले. पोटाची भूक आणि जिभेची भूक. पोटाची भूक हळूहळू येते. पोटात कावळे ओरडतात. तिला काहीही चालतं. 'भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा' असं आपण म्हणतो, ते तिच्याबद्दल. जिभेची भूक झटकन येते, भरल्या पोटीही येते, आणि तिला एकच वस्तू पाहिजे असते. तो लाल पुडा म्हणजे तोच पुडा!

ओळखायची खूण मी त्यांना सांगितली, तिला आम्ही 'भाकरीची परीक्षा' म्हणतो. खावंसं वाटलं की स्वतःला विचारायचं, "आत्ता भाकरी आणि चटणी दिली, तर खाईन का?" उत्तर 'हो' आलं तर ती पोटाची भूक. मग काही थोपटायचं नाही, बिनधास्त जेवायचं! उत्तर 'नाही, मला तेच पाहिजे' असं आलं, तर ती जिभेची. मग आधी ग्लासभर पाणी प्या आणि दहा मिनिटं पाटीवर दुसरं चित्र काढा. माती मळा, लंगडी खेळा, चित्र रंगवा, हवं तर गाल थोपटा. दहा मिनिटांनंतरही खावंसं वाटलं, तर थोडं खा आणि मजेत खा. त्यात पाप नाही.

आमच्या शाळेत अशीही लेकरं आहेत, ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात आणि जी आजीजवळ राहतात. त्यांच्या दिवसातलं सगळ्यात भरपोट जेवण म्हणजे शाळेतली खिचडी. पहिली ते पाचवीच्या लेकराला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या लेकराला १५० ग्रॅम धान्य सरकारनं ठरवून दिलेलं आहे, ते वाढत्या अंगासाठीच. कुणाच्या भुकेची युक्तीनं समजूत घालणं, हे कुणाच्याच हाती देऊ नये. युक्ती असते ती भरलेल्या पोटासाठी.

आता दोन शब्द पालकांसाठी. 'दृष्टीआड सृष्टी' ही म्हण मुलांच्या खाण्याला तंतोतंत लागू पडते. डब्यात भरलेला खाऊ समोर असला, की मनाची पाटी त्याच चित्रानं भरते. शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि तेल असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० साली देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं केला, त्यामागंही हाच विचार आहे. घराच्या फडताळाला मात्र असा नियम नाही. तो तुम्हीच करायचा. 'अभ्यास केलास तर चॉकलेट' असं बक्षीस लावू नका. त्यानं चॉकलेटची किंमत मुलाच्या मनात चढते आणि अभ्यासाची उतरते. शिळोप्याच्या गप्पांतसुद्धा मुलाला जाड्या, हाडक्या म्हणू नका. आपण हसून विसरतो, लेकरू विसरत नाही.

ती सहावीतली मुलगी आता पंगतीत बसून जेवते. 'भोपळा' हा शब्द पुरता बंद झाला असं मी म्हणणार नाही. पण आता कुणी म्हणालं, तर तिच्या दोन मैत्रिणी उठून उभ्या राहतात. शाळेच्या लंगडीच्या संघात तिला घेतलंय. पळणारे गडी तिला लवकर सापडत नाहीत, पण एकदा सापडला की सुटत नाही!

तेव्हा दोस्तांनो, या आठवड्यात एक काम करा. कुल्फीची घंटा वाजली की लगेच पैसे मागायला पळू नका. बोटं वर करून खा-खा मोजा, भाकरीची परीक्षा घ्या, आणि काय उत्तर आलं ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. आठवड्याच्या शेवटी वही उघडून पाहा. आपली जीभ कोणत्या वेळेला, कशावर आणि किती हट्ट करते, हे तुमचं तुम्हालाच कळेल. आणि हट्टी पाहुण्याच्या येण्याची वेळ एकदा कळली, की त्याला कुठं बसवायचं हे ठरवणं सोपं जातं.